मंचाखालचा माणूस

मंच बांधणाऱ्यांमध्ये एक जुना रिवाज होता. ज्यानं मंच बांधला, त्यानं सभा संपेपर्यंत त्या मंचाखाली बसायचं. वर वजन आल्यावर खालचे जोड कसे वागतात ते बघायला कुणीतरी लागतंच. पण खरं कारण वेगळं. आपलंच काम आपल्या डोक्यावर येणार हे ठाऊक असलं, की पाचर मारताना हात आखडत नाही.

मिस्त्रीनं हा रिवाज उभ्या जन्मात मोडला नव्हता. मधल्या खांबाशी पोत्याची घडी टाकून तो बसायचा. पाठ खांबाला, मांडीवर लाकडी हातोडा. एखादा जोड सरकतोय असं वाटलं, तर त्या हातोड्यानं खांबावर तीन ठोके द्यायचे. ते ऐकले की पायऱ्यांशी उभा असलेला त्याचा मेव्हणा वरच्या मंडळींना खाली उतरवणार, मग वर कुणीही असो. तीन ठोक्यांवर वाद घालायचा नाही, हे मंडपाचा मालक प्रत्येक पक्षाकडून आधीच कबूल करून घ्यायचा. मिस्त्रीनं ते ठोके आजवर एकदाच दिले होते, आणि त्या दिवशी फळी खरंच चिरली होती. उगीच ठोकणाऱ्याचे ठोके पुढच्या वेळी कुणी ऐकत नाही. तेव्हा माणसं मरतात.

अशा रीतीनं देशाचं सगळं राजकारण त्यानं खालून ऐकलं होतं. पुढाऱ्यांचे चेहरे त्याला फारसे माहीत नव्हते, पाय माहीत होते. आश्वासन देताना टाचांवर झुलणारे पाय. महागाईचा विषय निघाला की जागा बदलणारे पाय. मुद्दा सुचला नाही की फळी आपटणारे पाय. अशा पुढाऱ्याच्या सभेला तो आडव्या फळ्यांखाली टेकूची जादा घोडी लावायचा. आणि मागच्या रांगेतली मंडळी. ती छायाचित्रात येण्यासाठी बोटभर बोटभर पुढे सरकायची. म्हणून पुढचे खांब तो नेहमी दुप्पट धरायचा. राजकारण म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर सांगायचा, मागचे पुढे सरकतात आणि भार पुढच्या खांबांवर येतो, बाकी सगळं भाषण.

तो कुठल्याच पक्षाचा नव्हता. मेव्हणा विरोधी पक्षाचा, हाडामांसानं. हा जन्मला तेव्हा सुइणीनं दुपट्याऐवजी झेंड्यात गुंडाळला असणार, असं मिस्त्री म्हणायचा. मेव्हणाही ऐकून घेणारा नव्हता.

"दाजी, तुमचं आपलं तळ्यात-मळ्यात," तो दोर आवळता आवळता म्हणायचा. "एक दिवस तोल जाईल."

"तू तळ्यातच बसून आहेस ना. म्हणून तुझ्या कपड्यांना वास येतो."

मत मागायला येणाऱ्याला मिस्त्री हो म्हणायचा नाही आणि नाही म्हणायचा नाही. बसायला द्यायचा, ऐकून घ्यायचा, दारापर्यंत सोडायचा. मतदानाच्या दिवशी दाढी करून, धुतलेला सदरा घालून एकटा जायचा आणि एकटाच परत यायचा. कुणाला दिलं याची बायकोलासुद्धा ताकास तूर लागू दिली नव्हती. तिनंही कधी विचारलं नव्हतं. काही घरांत देवघर असतं, तशी त्याच्या डोक्यात ही एक बंद खोली होती.

मतं मात्र त्याला होती, आणि ती स्वस्तात आलेली नव्हती. सरकारनं बाहेरच्या लोखंडावर कर बसवला, तेव्हा त्यानं मंचाखाली बसून त्यामागचं गणित ऐकलं होतं. त्यामुळे इथला कारखानदार सुखी होईल, आणि कारखानदार सुखी झाला की मजूर सुखी होईल. पहिली पायरी झाली. दुसरीची वाट बघता बघता मंचाला लागणारे पाइप इतके महाग झाले, की मालकानं नवे घ्यायचं सोडून जुने गंजके पाइपच रंगवून आणले. विरोधक तर सगळ्यांना सगळं देऊ म्हणत होते. देतोस ते कुणाच्या कष्टातून, एवढंच मिस्त्रीला ऐकायचं होतं, आणि तेवढंच कुणी सांगत नव्हतं. कष्ट केल्याशिवाय काही उभं राहत नाही, आणि ज्यानं कष्ट केले त्याला विचारल्याशिवाय काही पाडू नये. त्याचं अर्थशास्त्र इथं संपायचं.

एकदा मात्र तो चुकला होता, आणि ती चूक फक्त मंचाखालचा माणूसच करू शकतो.

एक नवा पुढारी आला होता. बोलत होता तोवर त्याचे पाय हलले नाहीत. झुलणं नाही, आपटणं नाही. फळीवर नुसता माणसाचा भार, देवळातल्या खांबासारखा. इतकी वर्षं खाली बसून असे पाय मिस्त्रीनं पाहिले नव्हते. ज्याचे पाय खोटं बोलत नाहीत त्याचं तोंड काय खोटं बोलणार, असं त्याला वाटलं. दाढी करून, धुतलेला सदरा घालून त्यानं त्या पायांना मत दिलं.

तो पुढारी देशाचा प्रमुख झाला आणि दुसऱ्याच वर्षी त्यानं सीमेवरच्या टेकडीसाठी युद्ध सुरू केलं. खोटं तो बोललाच नव्हता. टेकडी घेणार, असं त्या सभेतच सांगितलं होतं. मिस्त्री पाय ऐकत होता.

टेकडी आधी कुणाची होती ते मिस्त्रीला ठाऊक नव्हतं. मेव्हणा म्हणायचा आपली, चहावाला म्हणायचा आपली, आणि पलीकडेही दोन चहावाले तेच म्हणत असणार. वर्षभरात तिच्यावर गवताची काडी उरली नाही. सभांमध्ये लढाईच्या गोष्टी रंगल्या, की मिस्त्रीला उंटावरून शेळ्या हाकणारे दिसायचे. मग सरकारनं सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा केला आणि त्याचा मुलगा लढाईवर गेला.

मुलगा त्याच्याच हाताखाली तयार झाला होता. दोर ओला करून बांधायचा, म्हणजे वाळल्यावर तो आणखी आवळतो, हे त्याला एकदाच सांगावं लागलं. मिस्त्री कुणाचं कौतुक करत नसे. मुलानं बांधलेली गाठ तो पुन्हा तपासत नसे, यातच काय ते आलं. निघताना मुलानं आईला सांगितलं, दर रविवारी फोन करीन. तो करायचाही. जेवलो, थंडी आहे, पायमोजे पाठव, एवढंच बोलायचा. मग एका रविवारी फोन आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. पाठवलेले पायमोजे परत आले.

बायको लष्कराच्या कचेरीत जायला लागली. तिथला कारकून दर वेळी उठून उभा राहायचा आणि म्हणायचा, आई, खबर नाही हीच चांगली खबर. ती घरी यायची आणि फोन पदराला बांधून स्वयंपाक करायची. रात्री झोपताना तो उशाशी. आंघोळीला जाताना मिस्त्रीच्या हातात द्यायची, आणि तो विस्तव हातात घेतल्यासारखा धरून उभा राहायचा.

अशातच निवडणूक लागली.

पहिल्यांदा विरोधकांची माणसं आली, मेव्हण्याच्या ओळखीनं. युद्धानं माझा मुलगा गिळला, एवढं मिस्त्रीनं त्यांच्या मंचावर येऊन म्हणावं, अशी त्यांची इच्छा होती. गिळलाय की नाही ते मला माहीत नाही, मिस्त्री म्हणाला, आणि तुम्हालाही नाही. मेव्हण्याला तोंडघशी पडल्यासारखं झालं. दोन दिवस त्यानं दाजी अशी हाक मारली नाही, परक्यासारखी मिस्त्री अशी मारली.

मग सत्तेतल्या पक्षाचा चिटणीस आला. शहराबाहेरच्या मैदानावर प्रमुखांची सभा होती. मंचाची जागा तो स्वतः पावलांनी मोजत होता, बुटांवर धूळ घेत. माणूस कामाचा होता, एवढं मिस्त्रीनं मनात मान्य केलं. मोजून झाल्यावर चिटणीसानं त्याला बाजूला घेतलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. सैनिकांचे आईबाप मंचावर बसवायचे आहेत. प्रमुख येणार, त्यांच्याबरोबर संरक्षणमंत्रीही येणार. मिस्त्री आणि त्यांची बायको वर बसली, दोन शब्द बोलली, तर मंत्र्यांच्या कानावर घालता येईल. मुलगा कुठे आहे त्याचा शोध लागेल. सापडला तर त्याला मागे कोठारावर आणता येईल. तिथं पोती मोजायची, बंदूक नाही.

"दोन शब्द कोणते?" मिस्त्रीनं विचारलं.

लढाई अर्धवट सोडू नका, एवढंच, असं चिटणीस म्हणाला. मग जरा थांबून पुढं म्हणाला, "मी विकत घ्यायला आलो नाही, मिस्त्री. तुम्ही विकायला काढलेलं नाही, ते गावाला माहीत आहे. पण माझ्या हातात एवढंच आहे. ते तुम्हाला दाखवलं."

मिस्त्री म्हणाला, ज्यानं मंच बांधला तो वर चढत नाही, त्याची जागा खाली. चिटणीसानं मान हलवली. त्यानं जोर केला नाही. तो सरळ मिस्त्रीच्या घरी गेला.

संध्याकाळी मिस्त्री घरी आला, तेव्हा बायको भांडी घासत होती. त्याला पाहूनही ती थांबली नाही. तवा घासून झाला, मग पातेलं, मग आधी घासलेला तवा पुन्हा. शेवटी त्यानंच विषय काढला. आपण वर उभे राहिलो तर लोक काय समजतील, असं त्यानं विचारलं. ज्या बापाचा मुलगा तिकडे आहे तोच लढा म्हणतोय, मग आपण कोण बोलणारे, असंच ना? आणि उद्या दुसऱ्या कुणाचा मुलगा जाईल, तो आपल्या शब्दावर जाईल. युद्ध चूक आहे हे त्याला जेवढं ठाऊक होतं, तेवढं दुसरं काहीच ठाऊक नव्हतं.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली.

त्याला वाटलं संपलं.

"अहो, सगळं बरोबर आहे. मला उत्तर येत नाही." तिनं हात पुसले. "पण मला बरोबर नको आहे. मला पोरगा पाहिजे."

तो पाटावर बसला. ती म्हणाली, तुमचं मत तुमच्यापाशी राहू द्या, त्याला मी कधी हात लावला नाही, आताही लावत नाही. तुम्ही खालीच बसा. मी वर जाते. मंच मी बांधलेला नाही.

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यातलं एकही वाक्य पोराला परत आणणारं नव्हतं. मिस्त्रीनं जेवणाचं ताट पुढे ओढलं.

मंच नेहमीपेक्षा रुंद होता, कारण आईबापांची एक रांग जास्त होती. मिस्त्रीनं मधल्या खांबाच्या दोन्ही बाजूंना फुलीसारख्या तिरक्या आधारांच्या दुहेरी कैच्या मारल्या. प्रत्येक पाचर हातानं हलवून बघितली, मग पायानं. मालक म्हणाला, एवढं कशाला, यावर हत्ती उभा राहील. मिस्त्री उत्तर न देता दोर ओले करत राहिला. मेव्हणा कामाला आला होता, पण तोंड पाडून. आपली बहीण त्यांच्या मंचावर चढणार, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. ताईला सांगा, असं तो एकदा म्हणाला. तूच सांग, असं मिस्त्री म्हणाला. मेव्हणा फळी उचलून निघून गेला. सांगायचं धैर्य दोघांनाही नव्हतं.

सभेच्या दिवशी मिस्त्री आपल्या जागी बसला. वर खुर्च्या सरकल्या, आईबापांची रांग बसली. ते पाय त्यानं लगेच ओळखले. असे पाय मंचावर कधी येत नसत. काही फळीच्या कडेला चोरून ठेवलेले, काही एकमेकांवर चढवलेले. त्यांच्यातच तिचेही होते. डाव्या गुडघ्यामुळे ती ते पाऊल जरा ओढत टाकायची. चपलेचा अंगठा त्यानंच शिवून दिला होता.

मग प्रमुख आला. तेच पाय, खांबासारखे. तो पुष्कळ वेळ बोलला. शेवटी त्यानं आईबापांपैकी एकीला पुढे बोलावलं, आणि ओढत टाकलेलं पाऊल मधल्या फळीवर आलं. मिस्त्रीच्या बरोबर डोक्यावर. फळी तिच्या वजनानं दबलीही नाही, इतकी बायको खंगली होती.

ती बोलत नव्हती. मैदान थांबलं होतं. मिस्त्रीनं हातोडा उचलला.

तीन ठोके. मेव्हणा पायऱ्यांशीच होता, त्यानं तर एका ठोक्यातही धाव घेतली असती. सगळे उतरले असते, ती उतरली असती, आणि वाक्य तिच्या तोंडातच राहिलं असतं. लोक म्हणाले असते, मंच डगमगला. मिस्त्रीनं दुसरा हात खांबावर ठेवला. खांब शांत होता. दुहेरी कैच्या, ओले करून बांधलेले दोर, हातापायांनी तपासलेल्या पाचरी. कुठं कुरकूर नाही, कुठं सरकणं नाही. असं काम त्याच्या हातून पुन्हा झालं नसतं. ठोकायला कारण नव्हतं.

"माझा मुलगा तिकडे आहे," वरून तिचा आवाज आला, कर्ण्यातून मोठा होऊन, परक्या बाईसारखा. "लढाई अर्धवट सोडू नका."

मैदान उसळलं. मिस्त्रीनं हातोडा मांडीवर ठेवला.

चिटणीसानं शब्द पाळला. मुलगा सापडला. त्याची तुकडी टेकडीच्या पलीकडच्या उतारावर अडकली होती आणि तिथून फोन लागत नव्हता, एवढंच झालं होतं. आठवड्याभरात त्याला मागे कोठारावर आणलं. फोन आला तेव्हा बायको फोन कानाला लावून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिनं त्याला पायमोज्यांचं विचारलं.

मतदानाला मिस्त्री दाढी करून, धुतलेला सदरा घालून गेला. आडोशाला उभा राहिला, आणि त्याच्या लक्षात आलं की आज ठरवण्यासारखं काही उरलेलं नाही. आजवर तो मत द्यायला यायचा. आज फेडायला आला होता. चिटणीसानं मागितलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं. पण घेतलेलं ठेवून घ्यायची त्याला सवय नव्हती. त्यानं प्रमुखाच्या चिन्हावर शिक्का मारला आणि बाहेर आला. घरी बायकोनं नेहमीसारखं काहीच विचारलं नाही.

प्रमुख जिंकला. लढाई अर्धवट सुटली नाही.

पानगळ सुरू झाली तेव्हा मुलगा रजेवर आला. दाराजवळच बसला, बूट न काढता. आईनं दोनदा सांगितलं, मग स्वतःच खाली बसून त्याच्या बुटांचे बंद सोडले. तो खूप जेवला आणि कमी बोलला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्या सदऱ्याचं बटण लावत होती, तेव्हा तो म्हणाला, "आई, तिकडे रोज संध्याकाळी तुझा आवाज लावतात."

तिचे हात थांबले. तिचा चेहरा उजळला. तेच मिस्त्रीला बघवलं नाही. "तुला ऐकू आला?" ती म्हणाली.

ऐकू आला, तो म्हणाला, सगळ्यांना येतो. टेकडीवर कर्णे लावले होते. दिवस मावळला की गाणी, मग बातम्या, मग तिचं ते वाक्य. पोरं आधी चेष्टा करायची, चला रे, मावशी हाक मारतेय. मग त्याला कोठारावर नेण्याचा हुकूम आला. तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या एकानं, सगळे त्याला जाड्या म्हणायचे, विचारलं होतं, तुझी आई आम्हाला लढा म्हणते आणि तुला मागे बोलावते, हे कसं काय रे? रागानं नाही. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. मुलाच्या जागी पुढच्या खंदकात जाड्याला टाकलं. तो आता नाही.

हे सगळं त्यानं पोती मोजल्यासारखं सांगितलं. आईनं बटण पुरं लावलं, दोरा दातानं तोडला आणि आत गेली.

मुलगा बापाकडे वळला. "बाबा, तुम्ही खाली होतात ना?"

"होतो."

"मग ठोकायचं होतं."

"मंचाला काही झालं नव्हतं."

मुलानंही बापाबरोबर मंच बांधले होते. "हो," तो म्हणाला. "मग कसं ठोकणार."

यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं.

रजा संपायच्या आधी मुलानं सांगून टाकलं, की तो कोठारावर जाणार नाही, टेकडीवर जाणार आहे, आपल्या तुकडीत. आई भांडली नाही. ती मिस्त्रीकडे बघत राहिली. आता तिच्यापाशी बोलायला वाक्य नव्हतं. जे होतं ते टेकडीवर रोज वाजत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री चिटणीसाच्या कचेरीत गेला. बाकावर बसून राहिला. नोकऱ्या, बदल्या, दाखले मागायला आलेली माणसं आत जात होती, बाहेर येत होती. तो आजवर अशा बाकावर बसला नव्हता. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. आत बोलावलं तेव्हा तो उभाच राहिला. मुलाला कोठारावरच ठेवा, असं म्हणाला. चिटणीस म्हणाला, संरक्षणमंत्री बदलले, नव्यांशी ओळख व्हायची आहे. मिस्त्री म्हणाला, काहीतरी करा. चिटणीसानं समोरचे कागद सारखे केले.

"मी मत तुम्हाला दिलं," मिस्त्री म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा त्यानं ते कुणाला सांगितलं होतं. सांगून झाल्यावर ते किती लहान होतं ते त्याला दिसलं.

चिटणीसाला अवघडल्यासारखं झालं. "नको होतं सांगायला," तो म्हणाला. मग त्यानं फोन उचलला आणि कुठेतरी चौकशी केली. पुष्कळ वेळ नुसतं ऐकत राहिला. फोन ठेवून म्हणाला, "मिस्त्री, त्यानं आपणहून मागून घेतलंय. रजेवर निघायच्या आधीच. हुकमानं जाणाऱ्याला कदाचित थांबवता येतं, आपल्या मर्जीनं जाणाऱ्याला कोण थांबवणार?" आणि जरा वेळानं, चांगल्या मनानं, "तुमचाच मुलगा."

मिस्त्री पायीच घरी आला. बायको उंबऱ्याशी उभी होती. आत मुलगा पिशवी भरत होता, त्याच्या वस्तू एकेक ठेवल्याचा आवाज बाहेर येत होता.

"विचारलंत?"

"विचारलं."

"काय म्हणाले?"

चिटणीस काय म्हणाला ते मिस्त्रीनं सांगितलं, शब्द न बदलता. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, आणखी काय सांगितलंत त्यांना? तेही त्यानं सांगितलं. इतक्या वर्षांत तिनं जे कधी विचारलं नव्हतं, ते तिला असं दारात उभ्यानं कळलं होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

"बसस्टँडवर दोघं जाऊ," ती म्हणाली, आणि त्याला आत यायला वाट देण्यासाठी बाजूला झाली.